कच्च्या टाक्याची होडी

शिंप्याच्या दुकानात कोटाचे काम चालू असताना थोडा वेळ उभे राहून पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. कापड बेतून झाले म्हणजे कसबी शिंपी त्याचे तुकडे एकदम यंत्राखाली घालीत नाही. बाही खांद्याशी आणि पाठ पुढल्या भागाशी तो प्रथम लांब लांब टाक्यांनी हातानेच जोडतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहतो, जेथे चुणी पडली असेल तेथला दोरा उसवून पुन्हा घालतो, आणि सगळे मनासारखे बसले की मगच पक्की शिलाई मारून तो पांढरा कच्चा दोरा ओढून काढतो. अंगावर कोट मिरविणाऱ्या मनुष्यास त्या दोऱ्याची आठवणही राहत नाही. परंतु कोटाला आलेली सारी डौलदार ठेवण त्या क्षणभंगुर दोऱ्यानेच प्रथम धरून ठेवलेली असते.

नेमकी हीच युक्ती लाकडास लावून होडी बांधता येते, आणि तीही जन्मात कधी नौकाबांधणीचे काम न केलेल्या माणसास, आपल्या घराच्या पडवीत किंवा मोटार ठेवण्याच्या जागेत, अगदी जुजबी हत्यारांच्या साहाय्याने बांधता येते, असे सांगितले तर प्रथमदर्शनी विश्वास बसणे कठीण आहे. परंतु गेली साठ-पासष्ट वर्षे जगाच्या अनेक देशांतील शिक्षक, कारकून, दुकानदार आणि शाळकरी मुलेदेखील अशा होड्या बांधीत आलेली आहेत. इंग्रजीत या पद्धतीला ‘स्टिच अँड ग्लू’, म्हणजे ‘टाका आणि चिकटवा’, असे सुटसुटीत नाव आहे. तिचे मर्म काय, ती कोठून आली आणि ती प्रत्यक्षात कशी अमलात आणावी, याचा तपशीलवार परिचय करून देण्याचा या लेखाचा इरादा आहे.

ही पद्धत किती वेगळी आहे हे समजण्यासाठी जुन्या पद्धतीकडे क्षणभर वळले पाहिजे. कोकणच्या एखाद्या खाडीकाठी होडी बांधताना ज्याने पाहिली असेल त्याला ठाऊक असेल की, सुतार प्रथम कणा मांडतो, त्याच्या दोन्ही टोकांशी नाळेचा आणि पिछाडीचा खांब उभा करतो, आणि मग फासळ्या व फळ्या यांचा मेळ घालीत तो आकार वर चढवीत नेतो. फळी वळवावयाची तर ती तापवावी लागते, एकेक फळी शेजारच्या फळीस रंधून रंधून बसवावी लागते, आणि फटींमध्ये कापूस ठोकून वर राळ व तेल यांचा लेप द्यावा लागतो. या सर्व कामाचा नकाशा कागदावर नसतो. तो सुताराच्या डोळ्यांत आणि मनगटात असतो, आणि बापाकडून मुलाकडे वर्षानुवर्षांच्या सहवासाने उतरतो. ही विद्या थोर आहे यात शंका नाही. परंतु ती हस्तगत करण्यास आयुष्यातील दहा वर्षे खर्ची घातली पाहिजेत, आणि सामान्य गृहस्थाजवळ तेवढी मुदत नसते.

टाके घालून नाव बांधण्याची कल्पना मात्र आपल्या समुद्रास मुळीच नवीन नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वृत्तांतात अरबी समुद्रावरील शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे, आणि तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात काथ्याने शिवलेली गलबते पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील पाचव्या शतकातल्या एका जहाजाच्या आकृतीवरून गोव्यामध्ये बांधलेले आणि केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे भारतीय नौदलात समाविष्ट झाले, ही गोष्ट तर अगदी कालपरवाची आहे. परंतु या दोन शिवणींत एक मूलभूत भेद आहे. काथ्याचा टाका हाच त्या जहाजाचा कायमचा आधार असतो. जहाज पाण्यात असेतोवर त्याने फळ्या आवळून धरावयाच्या असतात, आणि म्हणून तो कुजला की नवा घालावा लागतो. आपण ज्या होडीचा विचार करीत आहोत तिच्यातील टाका शिंप्याच्या कच्च्या दोऱ्यासारखा दोन-चार दिवसांचा पाहुणा असतो. गोंद वाळेपर्यंत तुकडे जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि ते झाले की त्याला रजा मिळते.

अर्थात त्याला रजा देता यावी असा गोंद, आणि कोणाही माणसाला वाकविता यावी अशी फळी, ही दोन्ही हाती येईपर्यंत ही युक्ती सुचून उपयोग नव्हता. लाकडाचे पातळ पापुद्रे एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे अशा रीतीने चिकटवून केलेले प्लायवुड पूर्वीही होते. परंतु जुन्या प्रकारच्या गोंदाने जोडलेले ते तक्ते पाण्यात गेले की पापडासारखे सुटत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात डॉ. जेम्स नेव्हिन यांनी १९३४ मध्ये पूर्णतः जलरोधक असा गोंद सिद्ध केला आणि तेव्हापासून प्लायवुड पाण्यात उतरविण्यास लायक झाले. त्याच दशकात काचेचे रेशमासारखे बारीक धागे काढण्याची आणि त्यांचे कापड विणण्याची कला व्यवहारात आली. पुढे १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने इपॉक्सी जातीचा ॲरल्डाइट हा गोंद बाजारात आणला. दोन नळ्यांतील द्रव समप्रमाणात घोटून फुटलेली कपबशी चिकटविणाऱ्या आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. प्लायवुड, काचेचे कापड आणि राळेसारखा द्रव गोंद ही त्रयी एकत्र आली, आणि खिळा, स्क्रू व फासळी या तिन्हींवाचून होडी बांधण्याची वाट मोकळी झाली.

ती वाट प्रथम चोखाळली ती इंग्लंडात. केन लिटलडाइक नावाच्या इंग्रज गृहस्थाने पन्नास-साठच्या दशकांच्या संधिकालात प्लायवुडचे तुकडे शिवून आणि सांध्यांवर काचेची पट्टी चिकटवून हलक्या कॅनू बांधल्या. परंतु या पद्धतीला घरोघर नेण्याचे श्रेय ‘मिरर’ नावाच्या चिमुकल्या शिडाच्या होडीस दिले पाहिजे. बॅरी बकनेल हे त्या काळी बी. बी. सी. दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवीत असत आणि त्यांचे नाव इंग्लंडातील प्रत्येक घरात माहीत होते. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या आश्रयाने त्यांनी सर्वसामान्य कुटुंबास परवडेल आणि स्वतः बांधता येईल अशा होडीची कल्पना मांडली. जॅक होल्ट या अनुभवी नौकारचनाकाराने तिला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि १९६३ मध्ये तिचे सुटे भाग एका पेटीत भरून ६३ पौंड ११ शिलिंग किमतीस विक्रीस आले. लांबी ३.३ मीटर, रुंदी १.३९ मीटर आणि नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे ४५ किलो. डोलकाठी दोन भागांची, म्हणजे ती उतरवून होडीच्या पोटातच ठेवावी आणि सारा सरंजाम मोटारीच्या टपावर बांधून तळ्याकाठी न्यावा, अशी सोय. शिडांचा रंग तांबडा, त्या वृत्तपत्राशी असलेल्या नात्याची खूण म्हणून. या पेटीत तांब्याची तार होती, काचेच्या पट्टीची गुंडाळी होती आणि पॉलिएस्टर राळेचे डबे होते. आजवर या जातीच्या ७०,००० हून अधिक होड्यांना अनुक्रमांक दिले गेले आहेत. नौकानयन हा धनिकांचा छंद आहे ही समजूत इंग्लंडमध्ये मोडून काढण्यात या एका होडीचा वाटा फार मोठा आहे.

आता या पद्धतीतील खरी मौज कोठे आहे ते पाहू. ती भूमितीत आहे, आणि तिचा प्रत्यय घेण्यास लाकडाची मुळीच जरुरी नाही. लग्नपत्रिकेच्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या २४ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घ्या. दोन्ही एकावर एक ठेवून त्यांची वरची कड सरळच राहू द्या, आणि खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धनुष्यासारखी गोलाईने कापून टाका. म्हणजे प्रत्येक पट्टी अर्ध्या करंजीच्या आकाराची होईल. आता सुईदोरा घेऊन त्या गोल कडा एकमेकींशी बोटबोट अंतरावर सैलसर टाक्यांनी शिवा. या क्षणी तुमच्या हाती केवळ दोन सपाट पुठ्ठे आहेत. पण वरच्या सरळ कडा मध्यभागी दोन बोटांनी विलग करून तेथे पाच-सहा सेंटिमीटरची काडी आडवी बसवा, आणि पाहा: दोन्ही पुठ्ठे आपण होऊन बाहेर फुगतात, दोन्ही टोके निमुळती होऊन वर उचलली जातात, खालची शिवण नावेच्या कण्याप्रमाणे वळण घेते, आणि तुमच्या तळहातावर एक होडी उभी राहते. तुम्ही कोठेही काही वळविलेले नाही. ते वळण तुम्ही कात्रीने कड कापली त्याच वेळी पुठ्ठ्यात जाऊन बसले होते. टाक्यांनी आणि काडीने त्याला केवळ प्रकट होण्यास भाग पाडले.

याचे कारण असे की, कागद काय किंवा प्लायवुड काय, एका वेळी एकाच दिशेने वाकू शकते. कागदाची सुरळी होते, कोन होतो, परंतु तोच कागद नारळावर लपेटू गेल्यास सुरकुत्या पडल्यावाचून राहत नाहीत. म्हणून या पद्धतीच्या होडीचा प्रत्येक तुकडा हा दंडगोलाचा वा शंकूचा एखादा अंश असावा लागतो, आणि असे अंश कोणत्या कडांनी जोडले असता इच्छित आकार येईल, याचे गणित नौकारचनाकार आधीच करून ठेवतो. पूर्वी जे ज्ञान सुताराच्या मनगटात होते ते आता नकाशातील आकड्यांत उतरले, आणि म्हणूनच ते ज्याच्याजवळ नकाशा आहे त्याच्या हाती आले. बांधणाऱ्याकडे उरली ती एकच जबाबदारी, कड बिनचूक कापण्याची. ती मात्र पूर्णपणे त्याची आहे.

तेव्हा प्रत्यक्ष काम कसे चालते ते क्रमाने पाहू. आठ-दहा फुटांच्या साध्या होडीस चार-सहा मिलिमीटर जाडीचे आठ बाय चार फुटांचे तीन-चार तक्ते लागतात. तक्ता मरीन प्लायवुडचाच घ्यावा. आपल्याकडे त्याच्यावर आय. एस. ७१० या मानकाची खूण असते. परंतु केवळ छापावर विसंबून न राहता त्याचा एक तुकडा काही तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहावा, आणि कापलेल्या कडेकडे बारकाईने पाहून पापुद्र्यांमध्ये पोकळ्या नाहीत ना याची खातरजमा करावी. आत एखादी पोकळी राहिली तर नेमकी तेथेच फळी वाकविताना मोडते, आणि नाही मोडली तर पुढे तेथेच पाणी साठून सडते.

होडी तक्त्यापेक्षा लांब असेल तर दोन तक्ते टोकाशी जोडावे लागतात. त्यासाठी दोन्ही टोके उतरती रंधतात, आणि उतार जाडीच्या आठपट लांब ठेवतात. म्हणजे सहा मिलिमीटरच्या फळीस ४८ मिलिमीटरचा उतार. येथे प्लायवुड स्वतःच गुरूचे काम करते. तक्ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडे थोडे मागे सरकवून एकावर एक रचले आणि सर्वांवरून एकदम रंधा फिरविला, की उतारावर पापुद्र्यांचे फिके-गडद पट्टे दिसू लागतात. ते पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि सारख्या रुंदीचे आले तर उतार सपाट आहे असे समजावे. एखाद्या ठिकाणी पट्टा नदीसारखा वळला, तर तेथे रंधा अधिकउणा चालला आहे. इतका स्पष्ट निवाडा देणारा पर्यवेक्षक दुसरा मिळणार नाही.

नंतर आखणी. नकाशात दिलेली मापे ठराविक अंतरांवर तक्त्यावर बिंदूंनी मांडतात, प्रत्येक बिंदूवर बारीक चूक ठोकतात, आणि त्या चुकांच्या कडेने एक लवचिक लाकडी पट्टी वाकवून तिच्या कडेने पेन्सिल ओढतात. रेघ ओढण्यापूर्वी तक्त्याच्या टोकाशी खाली वाकून, एक डोळा मिटून त्या पट्टीवरून नजर टाकावी. एखादा बिंदू चुकीचा मोजला गेला असल्यास तेथे पट्टीला कुबड आलेले लगेच दिसते. असा बिंदू सोडून द्यावा आणि पट्टीचे ऐकावे. डावी आणि उजवी बाजू एकदमच, तक्ते एकावर एक ठेवून कापावी, म्हणजे जी काही चूक होईल ती दोन्हीकडे सारखी होऊन होडी निदान एका अंगाला कलणार नाही.

मग येतो तो टाक्यांचा दिवस, आणि या सबंध कामातील सर्वांत आनंदाचा दिवस तोच होय. कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत, दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणि नाळेच्या तीव्र वळणाशी त्याहून जवळ जवळ, गिरमिटाने बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे विताएवढे तुकडे ओवून बाहेरच्या अंगाने पिळतात. हल्ली पुष्कळ लोक तारेऐवजी वायरी बांधण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात. शिवताना पहिल्या फेरीत टाके सैलच ठेवावेत. सर्व तुकडे परस्परांशी जुळून आकार उभा राहिला म्हणजे मग पक्कड घेऊन मधून टोकांकडे थोडे थोडे आवळीत जावे. सकाळी जे तक्ते भिंतीशी टेकून उभे होते त्यांतून संध्याकाळपर्यंत नाळ, पोट आणि पिछाडी यांसह एक संपूर्ण नौका जमिनीवर उभी राहिलेली असते. हे दृश्य पाहण्यास घरातील आणि शेजारची सगळी मंडळी जमा झाल्यावाचून राहत नाहीत.

परंतु या आनंदाच्या भरातच सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव असतो. शिवलेली होडी अजून लवचिक असते आणि किंचित पीळ पडलेली असली तरी नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून गोंदाचा डबा उघडण्यापूर्वी नाळेच्या मध्यबिंदूपासून पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचे अंतर दोरीने मोजून ते समान आहे याची खात्री करावी, आडव्या तक्त्यांवर पाणसळ ठेवावी, आणि पुढल्या व मागल्या भागावर एकेक सरळ काठी आडवी ठेवून मागून पाहावे. दोन्ही काठ्या समांतर दिसल्या तर पीळ नाही. ही तपासणी तासाभराची आहे. तिची हयगय केली तर मात्र तो पीळ जन्मभर होडीत राहतो, आणि ती सरळ चालावयाचे सोडून सदैव एका बाजूस ओढ घेत राहते.

आता गोंद. इपॉक्सीचे दोन द्रव ज्या प्रमाणात मिसळावयाचे ते उत्पादकाने सांगितलेलेच असले पाहिजे. लवकर वाळावा म्हणून घट्ट करणारा दुसरा द्रव फाजील घालणे ही अज्ञानाची परिसीमा होय, कारण त्याने गोंद लवकर वाळत नाही, तो कायमचा मऊ राहतो. टाक्यांच्या मधल्या जागेत थोडा थोडा गोंद लावून तो वाळू द्यावा आणि मग तारा कापून ओढून काढाव्यात. एखादी तार अडून बसली, तर सोल्डरिंगची तापलेली सळई तिच्या टोकाशी क्षणभर टेकवावी. भोवतालचा गोंद मऊ होऊन ती निमूटपणे निघून येते. त्यानंतर गोंदात लाकडाचे अत्यंत बारीक पीठ मिसळून तो श्रीखंडाइतका घट्ट करतात, आणि आतल्या प्रत्येक सांध्याच्या कोपऱ्यात रंगारी जशी लांबी भरतो तसा भरून गोल कडेच्या लाकडी तुकड्याने किंवा चमच्याच्या पाठीने एकसारखा ओढून घेतात. कोपरा भरून अशी जी गोलसर पट्टी तयार होते ती ओली असतानाच तिच्यावर सुमारे तीन इंच रुंदीची काचेची पट्टी अंथरून, ती पारदर्शक होईपर्यंत गोंदाने भिजवितात. पांढरी पट्टी भिजता भिजता नाहीशी होते आणि खालचे लाकूड स्वच्छ दिसू लागते. जेथे पांढरा डाग उरेल तेथे हवा अडकली आहे असे जाणावे. मग होडी पालथी करून बाहेरच्या कडा गोल घासतात आणि तेथेही तशीच पट्टी चिकटवितात.

एवढ्यावर जी वस्तू तयार होते तिचे बळ फासळ्यांत नसते. ते नारळाच्या करवंटीप्रमाणे सर्व कवचात वाटले गेलेले असते. लाकडाच्या दोन्ही अंगांस काच ताण सोसते, आतला गोलसर कोपरा भार दूरवर पसरवितो, आणि म्हणून बोटाच्या अर्ध्या जाडीचीही नसलेली फळी दोन-तीन माणसांचे ओझे पाण्यावर पेलून धरते. जुन्या फळ्यांच्या होडीला पाण्यात फुगून फटी मिटवाव्या लागत असल्यामुळे ती उन्हात फार दिवस ठेवता येत नाही. ही होडी महिनोन्महिने गच्चीवर कोरडी पडून राहिली तरी पाण्यात सोडताच कोरडीच तरंगते. मात्र इपॉक्सीस सूर्यप्रकाश मानवत नाही. उन्हाने तो हळूहळू भुरभुरीत होतो, म्हणून त्याच्यावर रंगाचा अथवा ऊनरोधक वार्निशाचा थर अवश्य हवा.

काही खबरदाऱ्या स्पष्ट शब्दांत सांगितल्याच पाहिजेत. इपॉक्सी वारंवार कातडीस लागला तर काही माणसांना त्याची अशी बाधा जडते की पुढे त्याच्या जवळ जाताच अंगावर पुरळ उठते, आणि ही बाधा बहुधा आयुष्यभर सुटत नाही; तेव्हा पहिल्या दिवसापासून हातमोजे वापरावेत. वाळलेला गोंद आणि काच घासताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. खोल भांड्यात पुष्कळ गोंद एकदम कालविला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागतो. यास्तव थोडा थोडा कालवून पसरट ताटलीत ओतावा. दर दहा अंश सेल्सियस उष्णता वाढली की गोंद घट्ट होण्याची मुदत स्थूलमानाने निम्मी होते, म्हणून आपल्या चैत्र-वैशाखात हे काम पहाटे करावे. पावसाळ्याच्या दमट हवेत वाळलेल्या गोंदावर मेणचट तवंग येतो. तो पाण्याने आणि काथ्याने घासून धुतल्यावाचून पुढचा थर देऊ नये, नाही तर तो थर पुढे सोलून निघतो.

आणखी एक गोष्ट होडीच्या नकाशातच असली पाहिजे: नाळेशी, पिछाडीशी किंवा दोन्ही बाजूंस हवाबंद कप्पे. होडी उलटली वा पाण्याने भरली तरी या कप्प्यांमुळे ती बुडत नाही, आणि तिला धरून माणसांना मदत येईपर्यंत तग धरता येतो. प्रत्येक कप्प्यास एक बुचाचे छिद्र ठेवावे व होडी काठावर असताना बूच काढून आत वारा खेळू द्यावा. पहिले जलावतरण कमरेएवढ्या शांत पाण्यात करावे, प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट असावे, आणि धरणाच्या जलाशयात अगर बंदरात होडी घालावयाची तर संबंधित खात्याचा परवाना आधी घेण्याची तजवीज करावी.

अशी घरगुती बांधणीची होडी कितीशी टिकणार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस ए. जे. मॅकिनन या शिक्षकाने एक ‘मिरर’ होडी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील कालव्यात सोडली, आणि वल्हे व शीड यांच्या बळावर नद्या-कालव्यांतून थेम्सला, तेथून इंग्लिश खाडी ओलांडून युरोपात, आणि अखेर डॅन्यूब नदीने काळ्या समुद्रापर्यंत ती नेली. सुमारे ४,९०० किलोमीटरची वाट, १२ देश आणि २८२ पाणदरवाजे! वाटेत तिला धक्के बसले, तिची डागडुजी करावी लागली. पण ज्या साध्या साहित्याने अशी होडी बांधता येते त्याच साहित्याने ती वाटेवर दुरुस्तही करता येते, आणि हा या पद्धतीचा लहानसहान गुण नव्हे.

आपल्या महाराष्ट्रास सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे, खाड्या आहेत, घाटमाथ्यावर लहानमोठी असंख्य तळी आणि धरणे आहेत. परंतु आपण बांधलेल्या नावेतून त्या पाण्यावर जावे ही इच्छा आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच उपजते, आणि उपजली तरी हे आपले काम नव्हे म्हणून ती मनातच जिरते. हे आपले काम आहे. शंभर-दीडशे तासांचे शांत, नेटके काम आहे. रविवार धरून मोजले तर सहासात महिन्यांचे. शाळांतील सुतारकामाच्या वर्गांना यासारखा विषय नाही, कारण यात भूमिती आहे, रसायन आहे, हातांची शिस्त आहे, आणि शेवटी मुलांना आपल्या श्रमांवर बसून पाण्यावर जाता येते. ज्यांच्या मनात ही इच्छा आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, लाकडाच्या वखारीत जाण्यापूर्वी निवडलेल्या नकाशाची एकदशांश मापाची होडी पुठ्ठ्याची करून पाहावी. तिला लागेल एक संध्याकाळ, एक कात्री आणि थोडा दोरा. ती नीट बसली, तर मोठी होडीही बसेल. आणि नाही बसली, तर टाके उसवून पुन्हा घालावेत. ते त्यासाठीच कच्चे ठेवलेले असतात.